चढावर बंद पडलेली गाडी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना जंप स्टार्टर आहे, आणि माझ्या खोक्यावर छापलेला मोठा आकडा फसवा होता. हे पहिल्याच दमात सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा.

मी विटेएवढा आहे. कडेला चार हिरवे दिवे आणि दोन जाड वायरी, एकीला लाल चिमटा, दुसरीला काळा. गाडीची बॅटरी बसली की चिमटे लावायचे आणि किल्ली फिरवायची. मी एक झटका देतो, इंजिन उठतं. एवढंच माझं काम. कारखान्यात ज्या बाईंनी मला जोडलं त्यांनी चारही दिवे लागलेले पाहिले, खोक्यात घातलं आणि पुढचा उचलला. कौतुकबिवतुक काही नाही. तिथं सगळ्यांचेच दिवे लागायचे.

मग मी गाडीच्या सामानाच्या एका दुकानात फळीवर बसलो. एका दुपारी एक बाई आल्या. त्यांचा गाडी शिकवायचा क्लास होता आणि सगळे त्यांना ताई म्हणत. सोबत त्यांचे दीर होते. या भाऊजींना जगातल्या प्रत्येक यंत्रातलं कळायचं, फक्त स्वतःच्या घड्याळाची वेळ लावता यायची नाही.

"वहिनी, हा घ्या," माझ्या शेजारचं धूड उचलत भाऊजी म्हणाले. "विजेरी आहे, रेडिओ आहे, टायरात हवा भरायचा पंप आहे. ट्रक उठेल, ट्रक!"

"आपली गाडी ट्रक आहे का भाऊजी?"

दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. "पेट्रोल की डिझेल?"

"पेट्रोल. छोटीच आहे. शिकणारी माणसं दर दहा पावलांवर बंद पाडतात. सारखा सेल्फ मारून मारून बॅटरी बसते."

"मग ट्रकचं सोडा. खोक्यावरचा हा झटक्याच्या जोराचा मोठा आकडा पापणी लवेपर्यंतचा असतो. टिकून किती देतो, ते मागं बारीक अक्षरात लिहितात. ते वाचा. चिमटे जाड आहेत का बघा. आणि उलटे लावले तर बोलतो का, ते बघा."

त्याने तिथल्याच एका जुन्या बॅटरीला माझे चिमटे मुद्दाम उलटे लावले. मी किंचाळलो. ताई खळखळून हसल्या. "हाच द्या. माझ्यासारखाच आहे, चुकलं की बोंबलतो."

बिल करताना दुकानदार म्हणाला, "दर तीन महिन्यांनी भरून ठेवा. वापरलात तर त्याच दिवशी. उन्हात टाकू नका. आणि बाई, चार वर्षांची बॅटरी म्हणता, ती आधी बदला. हा नुसता ढकलतो, दुखणं बरं करत नाही."

ताईंनी मान डोलावली. भाऊजींनी दोनदा डोलावली.

बॅटरी कुणी बदलली नाही.

सुरुवातीला माझा काय तो थाट! दर दोन-तीन दिवसांनी मी गाडी उठवायचो आणि ताई मला 'आमचे डॉक्टर' म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, मला गोड वाटायचं. पण त्या कौतुकानेच घात केला. उचलणारा हाताशी आहे म्हटल्यावर ती का पडते, हे कुणी विचारेना. बॅटरी आतून संपत चालली होती आणि वर माझी आरती चालू होती.

भाऊजींना तर माझा वेगळाच उपयोग सापडला. माझ्यावर फोनही चार्ज करता येतो. झालं! फोनवर क्रिकेटचा सामना असला की मी त्यांच्या मांडीवर. सामना संपला की मागच्या काचेखाली, भर उन्हात. माझं पोट तापायचं, दिवे चाराचे तीन व्हायचे, तिनाचे दोन.

आता मावशींबद्दल सांगतो. ताईंच्या क्लासात गाडी शिकायला येणाऱ्या या मावशी एका रुग्णालयात बावीस वर्षं फरशी पुसत होत्या. गुडघे गेले होते. रुग्णालयाच्या चादरी धुलाईला नेणाऱ्या गाडीवर चालक हवा होता, आणि आतल्या माणसाला ती जागा मिळणार होती. अट एकच. शुक्रवारी पाचच्या आत गाडी चालवायचा परवाना रुग्णालयाच्या कचेरीत दाखवायचा. मावशींची चाचणी होती त्याच शुक्रवारी सकाळी.

"ताई, बावीस वर्षं वाकून काढली," त्या म्हणायच्या. "आता बसून काम करीन म्हणते. बसून!" आणि स्वतःच हसायच्या, जणू फार मोठी चैन मागितली.

गुरुवारी सामना होता. जादा षटकांपर्यंत गेला. भाऊजींनी मला डिकीत टाकलं तेव्हा माझा एकच दिवा जळत होता.

शुक्रवारी चाचणीच्या मैदानात मावशींचा नंबर आला आणि गाडीने नुसतं टक्-टक् केलं. ताई धावत डिकीकडे आल्या. माझा एक दिवा बघून त्यांचा चेहरा पडला. चिमटे लावले. मी होतं नव्हतं ते सगळं दिलं. इंजिन उठलं.

मावशींनी सुरेख गाडी चालवली. वळण घेतलं, मागे घेतली, एक खांब हलू दिला नाही. मग चढ आला. मधोमध थांबून पुन्हा वर न्यायची. मावशींचा पाय क्लचवरून लवकर सुटला आणि गाडी बंद पडली.

"घाबरू नका," तपासणारे साहेब म्हणाले. "एकदा चालतं. सुरू करा आणि चढवा."

ऐकलंत ना? एकदा चालतं. नियमात मावशींना दुसरी संधी होती.

टक्-टक्-टक्.

ताई मला घेऊन चढावर धावल्या. चिमटे लावले, बटण दाबलं. माझा एकही दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. मित्रांनो, माणूस हात पसरून समोर उभा असावा आणि आपल्यापाशी काहीच नसावं, ते मी त्या दिवशी शिकलो.

"धक्का मारू का?" खालून कुणीतरी ओरडलं.

"धक्क्यावर चाचणी होत नाही," साहेब म्हणाले आणि कागदावर लिहिलं. वाईट माणूस नव्हता. लिहिताना त्याने मावशींकडे बघितलं नाही.

दुपारी ताई स्वतः मावशींबरोबर रुग्णालयाच्या कचेरीत गेल्या. मी त्यांच्या पिशवीत होतो. "नापास या नाही झाल्या, मी झाले," त्या तिथल्या माणसाला म्हणाल्या. "बॅटरी माझी, हलगर्जीपणा माझा. मी लिहून देते."

"बाई, मला परवाना लागतो. तुमचं लिहिलेलं घेऊन मी काय करू?"

बाहेर आल्यावर ताई रडल्या. मावशीच त्यांची पाठ थोपटत होत्या. "असू द्या ताई. मीपण दोनदा बघितलं होतं त्याचे दिवे कमी झालेले. म्हटलं, आपण कशाला बोला, मोठ्यांची वस्तू."

त्या संध्याकाळी भाऊजींनी मला भिंतीला लावलं आणि चारही दिवे लागेपर्यंत शेजारी खुर्ची टाकून बसले, दवाखान्यात बसावं तसे. सामना चालू होता. लावला नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत नवी बॅटरी आली.

दीड महिन्याने मावशी पास झाल्या. परवाना कपाटात आहे. चादरींची गाडी दुसराच कुणी चालवतो, आणि मावशी अजून फरशी पुसतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी वस्तू असेल, अडचणीच्या वेळेसाठी म्हणून आणलेली. तिचं कौतुक करू नका. आज उठा आणि तिचे दिवे बघा. कमी असले तर ज्याची वस्तू आहे त्याला तोंडावर सांगा, मग तो कितीही मोठा असो.