चढावर बंद पडणारी गाडी

शाळेची गाडी चढावर तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा मालकाने ती चालवणाऱ्या माझ्या लेकीला कामावरून काढलं. म्हणे, बाईमाणसाला क्लच कळत नाही. माझं डोकं फिरलं. गॅरेजात मी बॅटरी तपासली, अर्थिंगची वायर घासून बसवली, इंजिनाच्या कॉम्प्युटरला येणारा करंट मोजला. सगळं ठीक होतं. तरी इंजिन तापलं की बिघाडाचा पुसलेला कोड स्कॅनरवर परत यायचा. बिघाड त्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरमध्येच होता.

हे सांगितलं तर मालक हसला. “बाप लेकीचीच बाजू घेणार.”

“मग घ्या चावी. चढावर तुम्हीच न्या.”

अर्ध्या चढावर गाडी बंद पडली. मागे हॉर्न वाजू लागले.

“उद्यापासून ये म्हणावं तिला,” तो पुटपुटला.

“चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. आधी घरी येऊन तिची माफी मागा. तोवर या गाडीला मी हात लावणार नाही.”