पाठीवरची मोहफुलं

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आई, म्हणजे माझ्या सासूबाई कलाबाई, आलापल्लीजवळच्या गावाहून चंद्रपूरला आमच्याकडे आल्या होत्या. आठ दिवस टीव्ही बंद. म्हणून कॉलेजातून आले की मी त्यांना एक रहस्यकादंबरी वाचून दाखवायचे. तीस वर्षांपूर्वीचा, न सुटलेला खून. आई काळा चष्मा लावून रंगून ऐकत आणि प्रकरण संपलं की नवा खुनी ठरवत.

"मुनीमच असन. लय गोड बोलते."

"काल तर तुम्ही बायकोला धरलं होतं."

"काल ते रडली नव्हती."

शनिवारच्या प्रकरणात उलगडा होता. प्रेताखालची जमीन कोरडी होती. म्हणजे पावसाच्या आधीच माणूस तिथे पडलेला होता आणि साक्षीदार खोटं बोलत होता. मला अशी मांडणी आवडते. मी ती आईंना खुशीत पुन्हा समजावून सांगितली.

आई म्हणाल्या, "यांच्या पाठीवर मोहफुलं होती. उचललं तं खाली एकई नाई."

सासऱ्यांना वाघाने मारलं, हे मी लग्नापासून ऐकत आले होते. त्या दिवशी जंगलात सोबत फक्त त्यांचे जोडीदार मुखरूकाका होते. उजाडल्यावर दोघं फुलं वेचत असताना वाघ आला, असं त्यांनीच सांगितलं होतं. पुढे आईंचं शेत त्यांनी नांगरलं, माझ्या नवऱ्याला शाळेत त्यांनी घातलं.

मोहाची फुलं पहाटे, उजाडायच्या आधीच गळतात. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. आईंनी पन्नास वर्षं ती वेचली आहेत.

"खालची फुलं बाबांनी आधीच वेचली असतील," मी म्हणाले.

"मंग टोपलीत असती. टोपली रिकामी होती."



रविवारी मुखरूकाका त्यांना बघायला आले. मी चहा दिला.

"बसा भाऊ," आई म्हणाल्या. "दीपाली पुस्तक वाचून राह्यली. तुमीई ऐका."

"मले काय समजते पुस्तकातलं, बाई."

"समजन." मग माझ्याकडे वळून, "कालचंच वाच. पहिल्यापासून."

आज नको, असं मी म्हणू शकले असते. मी पान काढलं. काकांनी चहा बशीत ओतला. कोरड्या जमिनीचा परिच्छेद संपवून मी वर पाहिलं. बशीतला चहा तसाच होता. आईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता आणि डॉक्टरांनी मना केलेल्या उजेडात त्या काकांकडे बघत होत्या.

"चहा घ्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "थंडा होऊन राह्यला."