डावी बाजू

तिने ग्लायडर डोक्यावर धरला. नाक किंचित खाली, तोंड वाऱ्याकडे.

"डावं," मागून भाऊ म्हणाला आणि त्याने रिमोटची दांडी सरकवली. पंखाच्या कडेची पट्टी हलली.

"डावं उचललं."

"उजवं."

"उजवं उचललं."

"शेपूट?"

"हलतंय. दोन्हीकडे."

एवढं विचारल्याशिवाय तो ग्लायडर सोडू देत नसे. शाळेची बस बाहेर काढण्याआधीही तो असाच एकेका चाकाला पायाने ठोकून बघायचा. बावीस वर्षांत बसवर ओरखडा नाही, हे तो स्वतः कधी सांगत नसे. इतर सांगत.

ती चार पावलं धावली आणि टेकडीच्या कडेवरून तिने ग्लायडर सरळ पुढे सोडला. वर भिरकावतात ते नवशिके. चढत्या वाऱ्याने तो अलगद उचलला.

"झकास, चिमे! हात पक्का आहे तुझा."

ती त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. खांद्यावरच्या पिशवीत दोन कागद होते. उद्या त्यांतला एक डॉक्टरांपुढे ठेवायचा होता.

डोळ्यांच्या दवाखान्यात ती नजरेचा आवाका तपासायची. माणसाने हनुवटी यंत्रावर टेकवून समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे उजेड चमकला की बटण दाबायचं. बसच्या परवान्यासाठी गेल्या आठवड्यात भाऊ आला, तेव्हा पहिल्या कागदावर दोन्ही डोळ्यांची डावी बाजू काळी उमटली होती.

"झोप झाली नाही गं," तो म्हणाला होता. "नाहीतर तुझ्या मशीनलाच डुलकी लागली असेल. पुन्हा घे."

दुसरा कागद स्वच्छ निघाला. फक्त, यंत्र अधूनमधून मुद्दाम काहीच दाखवत नाही आणि त्या वेळीही त्याने बटण दाबलं होतं. बऱ्याचदा. तो आकडा खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होता. डॉक्टर तिच्यावर विसंबून सही करत. कोपरा त्यांनी कधी वाचला नव्हता.

"झालं माझं जेवण!" झाडाखालून सुतारकाका उठले. टेकडीवरचे निम्मे ग्लायडर त्यांनीच बनवलेले. "मीही येतो हवेत."

"बसा की काका निवांत. माझा उतरू दे."

"अहो ड्रायव्हरसाहेब, आकाश काय तुमच्या बसएवढं आहे? दोघं मावतो."

काका हसत डावीकडे शंभरेक पावलं दूर गेले. भावाने ओठ आवळले. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की गेले कित्येक रविवार तो काका जेवायला बसले की मगच उडवायचा.

काकांचा नारिंगी पंखांचा ग्लायडर कडेवरून सुटला आणि टेकडीला धरून यांच्याकडे येऊ लागला. समोरासमोर आले, तर वळून वाट द्यायची पाळी भावाची होती. उडवणाऱ्याचं लक्ष आपल्या ग्लायडरवर असतं, म्हणून शेजारी उभं राहणाऱ्याने हाक द्यायची, असा इथला नियम. लहानपणापासून ती हाक तिचीच.

तिने तोंड उघडलं.

नारिंगी पंख जवळ येत होते. कडेच्या नजरेत ते कोणालाही दिसले असते. भावाचे अंगठे संथ होते. मानही हलली नाही. तिने मनात मोजलं. एक. दोन. तीन.

तिने तोंड मिटलं.

वाळकी काटकी मोडावी तेवढाच आवाज झाला. एक नारिंगी पंख गिरक्या घेत खाली गेला. भावाचा ग्लायडर नाकावर झुडपांत कोसळला, तरी त्याचे अंगठे दांडी मागे ओढतच राहिले.

"कुठून आला हा?" तो म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "चिमे, हाक का नाही दिलीस?"

"दवाखान्यातही उजेड चमकला की हाक देत नाही मी."

वाऱ्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने ते पुसलं नाही.

काका धापा टाकत आले. "बस चालवता ते बरं आहे हो! हवेत काही धडगत नाही तुमची." कोणी हसलं नाही, तसा त्यांचा आवाज उतरला. "अरे, लाकूडच आहे ते. चिकटवू. एवढं तोंड पाडायला काय झालं?"

"चूक माझी होती, काका," भाऊ म्हणाला.

दोघं भावंडं तुकडे गोळा करायला उतरू लागली. ती सवयीने त्याच्या डाव्या हाताला होती. थोडं खाली गेल्यावर तो थांबला.

"या बाजूने चाल."

"का?"

"तिकडे दिसत नाहीस मला."

ती त्याच्या मागून उजवीकडे आली.

"कागद उद्या किती वाजता द्यायचाय?" त्याने विचारलं.

"दहाला."

"बस साडेसहाला निघते," तो म्हणाला आणि रिमोट तिच्या हातात देऊन त्याने खिशातून फोन काढून बदली ड्रायव्हरचा नंबर शोधला.