वरचा डावा कोपरा

माझ्या टॅबवरचं वादळ चुकीच्या दिशेने फिरतं. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरायला हवं, हे काट्यांबरोबर फिरतं. मी ही चूक खालाला दाखवली तेव्हा ती एक पेट्रोलपंप, दोन शाळा आणि एक पाण्याची टाकी उचलून नेत होती.

"मंग थांबवू काय?" ती म्हणाली. "त्याले सांग, येमेस्सी झालेल्या जेबाबाईची हरकत हाये."

खेळ अगदी साधा आहे. बोटाने वादळ ओढायचं. ते कायम पडद्याच्या मधोमध राहतं आणि खालून शहर सरकतं. सुरुवातीला फक्त झाडं आणि टपऱ्या उडतात. तेवढ्याने वादळ फुगतं, मग घरं उडतात, शेवटी टोलेजंग इमारती. दोन मिनिटं संपली की किती टक्के शहर उरलं नाही, तो आकडा येतो.

खाला म्हणजे जैनबबी, माझ्या आईची मोठी बहीण, वय अठ्ठावन्न. वरूडला देवीदासभाऊंच्या पॅकिंगच्या शेडमध्ये ती बावीस वर्षं संत्री निवडते. फिरत्या पट्ट्यावरून फळ येतं, खाला त्याचा रंग, साल, डाग बघते आणि कोणत्या क्रेटमध्ये टाकायचं ते ठरवते. हे सगळं एका डोळ्याने. डावा डोळा नऊ वर्षांची असताना संत्र्याच्या काट्याने गेला, त्यातून तिला फक्त उजेड कळतो. मी अमरावतीला भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं. अकोल्याला हवामानाच्या नोंदी घेण्याच्या नोकरीसाठी मुलाखत दिली होती आणि निकाल येईपर्यंत खालाकडे राहायला आले होते. दुपारी तिचा डबा घेऊन मी शेडवर जायचे. डबा संपला की वादळ.

माझा सर्वांत चांगला आकडा एक्क्याऐंशी होता. खालाने तिसऱ्या दिवशी त्र्याण्णव केले.

"तू मोठ्ठं पाहून त्याच्याकडे पयतं," तिने मला समजावलं. "आधी काडीकचरा घ्यावं लागते. भिंतीभिंतीनं जायचं, मंग आत."

ती शेड झाडते त्याच पद्धतीने शहर झाडत होती. मला ही पद्धत इतकी आवडली की मी वहीत तिच्या खेळांची नोंद ठेवायला लागले. तारीख, शहर, टक्के, काय उरलं.

आठवडाभरात वहीत एक विचित्र गोष्ट दिसली. खाला चौऱ्याण्णवच्या वर कधीच जात नव्हती, आणि जे उरायचं ते दरवेळी एकाच जागी, शहराच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. शहर कोणतंही असो.

"खाला, तुमी तो कोपरा काहून सोडता?"

"अव, बगीचा तोडतानी चार फळं झाडावर ठेवतेच ना लोकं पाखराईसाठी? तसंच."

मला हे पटलं. आमच्या भागात संत्र्यांच्या बागेवर वाढलेल्या कुणालाही पटलं असतं. मी वहीत 'कारण: पाखरं' असं लिहूनही टाकलं. पाच वर्षं भौतिकशास्त्र शिकलेल्या मुलीने एक साधा प्रश्न विचारला नाही: पाखरांना दरवेळी तोच कोपरा कसा लागतो?

मग शकुनने गोंधळ घातला. शकुन शेडमध्ये खालाच्या बाजूला बसते. तिने एका दुपारी पंच्याण्णव टक्के केले आणि पूर्ण शेडला सांगितलं.

"आण इकडे," खालाने टॅब ओढून घेतला. "आज पाखराईले सुट्टी. एकबी ठेवत नाई."

ती खेळली तेव्हा पट्टासुद्धा थांबल्यासारखा वाटत होता. कडेकडेने गेली, आत आली, मधले टॉवर उचलले. वेळ संपायला अकरा सेकंद बाकी असताना तिने बोट उचललं. "झालं. शंभर!"

वर डावीकडे घरांची एक अख्खी रांग उभी होती. लाल छपरांची, सात घरं.

शकुन हसली. मीही हसले. मग खालाचा चेहरा बघितला. ती चिडली नव्हती, थट्टाही करत नव्हती. तिला खरंच शहर रिकामं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पडद्याचं आपोआप फिरणं बंद केलं आणि टॅब उलटा करून तिच्या हातात दिला.

"हे शहर डोक्यावर काहून उभं केलं?"

"वादळाला काय फरक पडतो?"

"वादळाले नाई, मले पडते," ती कुरकुरली, पण खेळली. पाच डाव. पाचही वेळा शहराचा खालचा उजवा कोपरा उरला. टॅब उलटा होता, म्हणजे तिच्या समोर तो वरचा डावा. कोपरा शहराचा नव्हताच. खालाचा होता.

प्रयोग इतका स्वच्छ निघाला की मला आधी आनंद झाला. मग लक्षात आलं, हे तिच्या एकुलत्या एक डोळ्याबद्दल आहे, आणि वही बॅगेत टाकली.

शकुनला हळूच विचारलं. ती म्हणाली, दोन महिन्यांपूर्वी खालाने पट्ट्याच्या समोरच्या बाजूला जागा मागून घेतली. पहिल्या जागेवर फळ डावीकडून यायचं, आता उजवीकडून येतं. सगळ्यांना सांगितलं की खिडकीतून ऊन डोळ्यावर येतं.

"त्या खिडकीतून ऊन येतं?"

"ते तं उत्तरेची हाये ना ताई," शकुन म्हणाली.

संध्याकाळी घरी मी विषय काढला. "खाला, अमरावतीला जाऊन डोळा दाखवू."

"काहून? मले त्र्याण्णव टक्के दिसते. तुले येमेस्सीत किती होते?"

"अडुसष्ट."

"मंग तू जाय आधी."

मी हसले नाही. ती भाकरीचं पीठ मळत राहिली आणि पिठाकडेच बघून म्हणाली, "डॉक्टरनं काई लिवून देलं, तं देवीदासभाऊ मले पट्ट्यावरून उठवतीन. हातात झाडू देतीन. बावीस वर्षं मी फळ पाहून राहिली, जेबा. मले दुसरं येत नाई."

डॉक्टर तुम्हाला सांगतील, देवीदासभाऊंना नाही, असं मी दहा वेळा सांगितलं. उपयोग झाला नाही. शेवटी मी एक चलाखी केली. "तिथं एक मशीन असतं. पांढऱ्या वाटीसारख्या पडद्यात तोंड घालायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. खेळच आहे."

पीठ मळणारे हात थांबले. "नंबर येते?"

"येतो."

गुरुवारी आम्ही अमरावतीच्या बसमध्ये होतो.

दवाखान्यात करिश्मा नावाची मुलगी मशीन चालवत होती. तिने खालाचा डावा डोळा झाकला, हनुवटी टेकवली, बटण हातात दिलं. दाराबाहेर मला आवाज येत होता: टक, टक, टक, टक. अगदी एका लयीत. ऐकूनच मी कपाळाला हात लावला.

करिश्मा कागद घेऊन बाहेर आली. "आजींनी ठिपका नसतानाही बटण दाबलंय. मशीन मधूनमधून मुद्दाम काहीच दाखवत नाही, तेव्हाही दाबलंय. हा कागद निरुपयोगी आहे."

"पण नंबर किती आला?" आतून खालाने विचारलं.

मी आत गेले. ती उंच स्टुलावर बसली होती, बटण अजून मुठीत.

"खाला, मी तुमाले खोटं सांगितलं. हा खेळ नाही. इथं जे दिसत नाही तेच शोधायचं आहे. दिसलं नाही तर हात गप ठेवायचा."

"म्हंजे मुद्दाम हारायचं?"

"हो."

तिने मूठ उघडून बटण पाहिलं. "बावीस वर्षांत मी एकबी फळ न पाहता जाऊ देलं नाई," ती म्हणाली. मग आवाज उतरला. "दोन महिन्यापासून जाऊन राह्यले. शकुन उचलते मांगून. मले वाटे, तिले समजत नाई."

तिने स्वतःच हनुवटी टेकवली. "लाव व पोरी."

या वेळी टक असा आवाज आला, मग शांतता. दोन टक, मग पुन्हा शांतता. एकदा ती शांतता इतकी लांबली की मी दारातून डोकावले. खाला हलत नव्हती. अंगठा बटणाच्या वर, न टेकता, तसाच धरलेला.

कागदावर वरच्या डाव्या बाजूला काळा डाग आला. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलं ते परत येणार नाही, पण उरलेलं राखता येईल. थेंब सकाळ-संध्याकाळ, एकही वेळ चुकवायची नाही, आणि ठरल्या तारखेला तपासणी.

"फळ निवडता येईन?" खालाने विचारलं.

"मान थोडी डावीकडे वळवत जा. येईल."

स्टँडवर बस लागायची होती. खालाने फोन मागितला आणि माझ्यासमोर देवीदासभाऊंना लावला.

"भाऊ, जैनबबी बोलून राहिली. मले त्या समोरच्याच जागेवर ठेवा. वरतून डावीकडलं मले दिसत नाई. नाई, ऊन-बीन काई नोय ते." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. खालाच्या भुवया वर गेल्या. "म्हंजे शकुनले तुमीच बसवलं होतं माह्याजवळ? अन् मले सांगितलं नाई?"

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "दोन महिने सोंग केलं व मी! फुकटचं!"

"उद्या जायचं ना कामावर?"

"जातो ना. शकुनले चार शब्द बोलायचे हायेत." तिने बाकावर मान मागे टाकली. "आता टाक थेंब. संध्याकाळ झाली."

मी बाटली धरली. पहिला थेंब तिच्या नाकावर पडला, दुसरा डोळ्यात.

"एक वाया," डोळा मिटून खाला म्हणाली. "बाटलीत किती असते, मोजलं काय?"

मोजलं नव्हतं.