आपोआप उघडणारा पडदा

तिच्या सासऱ्यांची, बाबांची, वाचा मेंदूच्या आजारपणानंतर थोडीफार परत आली, पण अक्षरं रुसली ती रुसलीच. डॉक्टर म्हणाले, आकडे आणि चित्रं शाबूत आहेत, वाचण्या-लिहिण्याचं मात्र सांगता येत नाही. चाळीस वर्षं जमिनी मोजून नकाशे काढलेला माणूस आता कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्याकडे नुसता बघत बसायचा.

मशीन जुनं, त्यावर लिनक्स ही प्रणाली. सुरू केलं की त्यांचं नाव आपोआप यायचं. पासवर्ड आकड्यांचा, तो ते झटक्यात टाकायचे. पण पुढे स्टार्टएक्स हा आदेश टाइप केल्याशिवाय डेस्कटॉप उघडत नसे, आणि ती सहा अक्षरं बाबांच्या बोटांना सापडत नव्हती.

सून औषधाच्या दुकानात कामाला. निघताना ती टाइप करून द्यायची. दुपारी वीज गेली, की बाबा संध्याकाळपर्यंत अडकलेच.

"कागदावर लिहून चिकटवू का?" तिने विचारलं.

"बघून... पण... नाही," म्हणत त्यांनी कीबोर्डच ढकलून दिला.

मशीन दिराने बसवलं होतं. तो फोनवर म्हणाला, "वहिनी, नसत्या फंदात पडू नका. पुढच्या महिन्यात येतोय, तेव्हा बघू."

"तोवर त्यांनी काय भिंती मोजायच्या? लॉगिन झाल्यावर मशीन कुठल्या फाइल वाचतं आणि त्यात काय लिहायचं, तेवढं सांग."

त्याने सांगितलं, तिने कागदावर उतरवून घेतलं.

रविवारी सकाळीच ती पदर खोचून बसली. एका फाइलमध्ये लॉगिन होताच आदेश चालवायची ओळ, दुसरीत डेस्कटॉपचं नाव. मशीन पुन्हा सुरू केलं. पासवर्ड टाकला, पडदा लुकलुकला आणि परत पासवर्डच मागू लागला. पाच वेळा तेच. होतं तेही गेलं!

"झाली ना फजिती," ती पुटपुटली, पण उठली नाही. दिराने मुख्य खात्याचा वेगळा पासवर्ड दिला होता, आणि ठरावीक कळा दाबल्या की त्याच मशीनवर लॉगिनचा दुसरा पडदा उघडतो, हेही सांगितलं होतं. त्यातून आत शिरून तिने दोन्ही फाइल उघडल्या, कागदाशी तीनदा ताडून पाहिल्या. सगळं तंतोतंत वाटत होतं.

बाबा खुर्ची ओढून शेजारी आले. डेस्कटॉपच्या नावाखाली बोट फिरवत कागदावर मोजलं, मग पडद्यावर.

"दहा," ते म्हणाले. "इथे... नऊ."

मधलं एक अक्षर तिनेच खाल्लं होतं.

"बाबा, मी दिवसभर गोळ्या मोजते, आणि मला दिसलं नाही!"

ते हसले. कित्येक आठवड्यांनी.

तिने अक्षर भरलं. शिवाय एक अटही घातली : पहिल्या पडद्यावर लॉगिन झालं तरच डेस्कटॉप सुरू व्हावा, म्हणजे पुन्हा काही बिनसलं तर दुसऱ्या पडद्यावरून आत जाता येईल.

मग ती बाजूला झाली. बाबांनी आकडे टाकले. काही क्षण काळोख, आणि डेस्कटॉप समोर. त्यांनी मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. असं चार वेळा. मोजणीवाल्याला एका मापावर भरवसा नसतो. चौथ्यांदा खात्री पटल्यावर त्यांनी तळ्याचा अर्धवट राहिलेला नकाशा उघडला आणि माउस हातात घेऊन काठाची रेषा पुढे ओढायला सुरुवात केली.