देवाला न विचारलेला प्रश्न

कुमारिकेचं पोट दिसू लागलं की आपल्याकडे वैद्याआधी शेजारीण येते. ती नाडी बघत नाही, जीभ बघत नाही, पोटाला हातही लावत नाही. नुसती दारातून बघते आणि रोगाचं नाव ठरवून जाते. ते नाव मग पाणवठ्यावर फिरतं, होड्या ओढताना फिरतं, आणि फिरून फिरून त्याच घराच्या उंबऱ्याशी येऊन बसतं.

पूर्णगडच्या यमुनाबाईच्या उंबऱ्याशी ते गणपतीनंतर येऊन बसलं.

यमुनाबाईचा नवरा मचव्यासकट समुद्रात गेला, त्याला बरीच वर्षं झाली होती. ती मासळी खारवायची, सुकवायची, डोक्यावर पाटी घेऊन वरच्या गावांत विकायला जायची. एकच मुलगी, दमयंती. पंधरा वर्षांची, सडपातळ, कामाला वाघ. जयगडच्या एका घरी तिची सोयरीक ठरल्यातच जमा होती. आणि त्याच सुमाराला पोरीचं अन्न तुटलं, तोंड सुकलं, पोट मात्र वाढू लागलं.

"दमे, खरा सांग. कोण तो?"

"कोण नाय गो आये. माझा पोट दुखता, येवढाच."

"दुखून पोट वाढता होय? मला शिकवतेस?"

हे रोजचंच झालं होतं. भाकरी वाढताना विचारायचं, चूल सारवताना विचारायचं, केस विंचरताना विचारायचं. पोरीचं उत्तर बदलत नव्हतं आणि आईचा प्रश्नही बदलत नव्हता. सुरुवातीला यमुनाबाई चिडून विचारायची, मग रडून, आणि शेवटी शेवटी तर तिच्यात चिडायचं किंवा रडायचं त्राणच उरलं नाही. पाटी उतरवल्यावर मान जशी जड राहते तशी ती आतून जड झाली होती. जयगडहून सोयरीक मोडल्याचा निरोप आला तेव्हा ती नुसती "बरं" म्हणाली आणि मासळीला मीठ लावत बसली.

मग एके दिवशी थोरला दीर महिपत आला. महिपत वाडीचा गावकर. त्याच्या शब्दावाचून वाडीत लग्न लागत नसे आणि मयतही उचललं जात नसे. तो ओटीवरच बसला. यमुनाबाई पदर पुढे ओढून दाराआड उभी राहिली.

"यमुने, वाडी बोलते हाय. मी किती दिवस कानांवर हात ठेवू?"

"दादा, पोर म्हणते दुखता म्हणून."

"पोर म्हणणारच. देवीला विचारू. देवी काय खोटा बोलायची नाय."

आता हा कौल लावायचा प्रकार कोकणाबाहेरच्या वाचकाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. देवीच्या पाषाणाला दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या. गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा आणि मग सगळ्यांनी श्वास रोखून बघत बसायचं. उजवी कळी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. माणसं पिढ्यान्‌पिढ्या यावर जमिनीची भांडणं मिटवत आली आहेत, होड्या पाण्यात घालत आली आहेत. देवीवरच्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. पण प्रश्न देवी ठरवत नाही, प्रश्न गुरव आणि गावकर ठरवतात, एवढं ध्यानात ठेवा.

वाडी देवळात जमली आणि केरू गुरवाने घसा खाकरून गाऱ्हाणं घातलं. "बाय माझे आई, तुझ्या लेकराच्या पोटात हाय ता माणसाचा असेल तर उजवी दे. बाहेरचा, भुताखेताचा असेल तर डावी दे."

उजवी कळी पडली.

महिपतने निर्णय सांगितला: अमावास्येच्या आत पोर मोकळी झाली पाहिजे, नाहीतर मायलेकींनी वाडी सोडायची. तोवर त्यांच्या घरचा विस्तव कोणी घ्यायचा नाही, त्यांना कोणी द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सोनूबाई सुईण मागच्या दाराने आली, लोटीत काढा देऊन गेली. जाताना तिने यमुनाबाईकडे पाहिलंसुद्धा नाही.

यमुनाबाईने काढा पोरीपुढे ठेवला. काय आहे ते दमयंतीला वासावरूनच कळलं. वाडीत वाढलेल्या मुलीला असल्या गोष्टी कोणी न सांगता कळतात.

"आये, माझ्या पोटात पोर नाय."

"पी."

"तू देत्येस म्हणून पित्ये," दमयंती म्हणाली, आणि तिने लोटी रिकामी केली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. त्या मोकळं करणाऱ्या कळा नव्हत्या. उजव्या कुशीत सुरी फिरवावी तशी पोर तळमळत होती, ओकत होती, अंग गार पडत होतं. सोनूबाईला बोलावलं तर ती आलीच नाही. यमुनाबाई पोरीला पाठुंगळी घेऊन खाडीवर आली आणि वाडीच्या होड्यांपुढे उभी राहिली. प्रत्येकाला काहीतरी काम निघालं. कोणाचं शीड फाटलं होतं, कोणाचं सुकाणू ढिलं होतं.

नारळाची ने-आण करणाऱ्या मुसाची होडी मुसलमान मोहल्ल्याच्या बाजूला माल भरत होती. त्याने लांबून पाहिलं, हातातला नारळ टाकला आणि आला.

"वैनी, बसा. रत्नागिरीस सरकारी इस्पितळात बायकांची डॉक्टरीण हाय. वारा बरा हाय."

"मुसाभाई, आमाला वाळीत टाकलाय. तुला त्रास देतील."

"माझ्या होडीला तुमचा कौल लागत नाय," मुसा म्हणाला, आणि बायकोला हाक मारली. हाजरा भांडी तशीच टाकून आली, दमयंतीचं डोकं मांडीवर घेऊन रत्नागिरीच्या राजिवडा बंदरापर्यंत बसून राहिली. त्या प्रवासात यमुनाबाई पोरीकडे बघू शकली नाही. ती पाण्याकडेच बघत होती.

इस्पितळातली डॉक्टरीणबाई देशावरची होती. डोळ्यांखाली काळं, लुगड्यावर औषधाचे डाग. तीही थकलेलीच दिसली. यमुनाबाई खाली मान घालून म्हणाली, "बाई, पोरगी फसली. काढा दिलाय. जीव तेवढा वाचवा."

डॉक्टरीणबाईने काही विचारलं नाही. आधी पोटावर हात ठेवला, हळूहळू दाबून बघितलं, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवलं. मग लाकडी नळी पोटाला लावून कान दिला, बराच वेळ. मग ती यमुनाबाईला बाहेर पडवीत घेऊन आली.

"बाई, तुमच्या घरी पाळी धरतात ना? मुलीला बाजूला बसवता?"

"बसवतो तर. विटाळ कालवायचा काय घरात?"

"ही शेवटची कधी बसली होती?"

यमुनाबाईने बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "दसऱ्यानंतर. पण ता सोंग होता, बाई. आमच्या डोळ्यांत धूळ टाकायला."

"आणि त्याआधी?"

"दर महिन्याला बसतेय. सोंगच सगळा."

"कपडे कोण धुतं तिचे?"

"लांबून पाणी घालत्ये मी. ती धुते."

"म्हणजे दर महिन्याला तुम्ही समोर उभ्या होतात. डोळ्यांनी पाहत होतात. सोंगाला रक्त येतं का हो?"

वाचकहो, हे ध्यानात घ्या. दर महिन्याला ती मुलीला पडवीच्या कोपऱ्यात बसवत होती. वेगळं पान, वेगळं कांबळं, शिवाशिव होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पहारा. त्या पहाऱ्यात तिच्या मुलीचं निर्दोषत्व दर महिन्याला तिच्या डोळ्यांपुढे येत होतं, आणि तिने विटाळ तेवढा पाहिला होता!

"मग देवीने उजवी कशी दिली?" ती कशीबशी म्हणाली.

डॉक्टरीणबाईने कौलाची सगळी हकिकत ऐकून घेतली. हसली नाही, रागावलीही नाही.

"देवीला तुम्ही दोनच रस्ते ठेवलेत, बाई. माणसाचं, नाहीतर भुताचं. आजाराचं आहे का, हे विचारलं कोणी? जी वाट तुम्ही ठेवलीच नाही, त्या वाटेने बिचारी देवी तरी कशी येणार?"

मग तिने समजावून सांगितलं. बाईच्या गर्भपिशवीच्या दोन अंगांना बदामाएवढे दोन बीजकोश असतात. त्यातल्या एकात गाठ धरली होती. अशी गाठ फार मुलींना होत नाही, पण होते, कुमारिकांनाही होते. गाठ वाढली म्हणून पोट वाढलं. आता तिच्या देठाला पीळ पडला होता, म्हणून त्या कळा. मूल असतं तर नळीतून काळजाचे ठोके ऐकू आले असते.

"पोट उघडावं लागेल. आत्ता. काढ्याने पोर आधीच खचली आहे, मी वचन देत नाही. उशीर केला तर मात्र ती जाईल, हे नक्की."

"उघडा," यमुनाबाई म्हणाली.

क्लोरोफॉर्मचा गोडसर वास पडवीपर्यंत येत होता. यमुनाबाई भिंतीला टेकून बसली होती. मुसा आणि हाजरा पायरीवर बसले होते. उन्हं कलली तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आली.

"जगेल. एक बीजकोश गेला, दुसरा चांगला आहे, तो ठेवलाय. पुढे लग्न, मुलंबाळं, काही अडायचं नाही." मग थोडं थांबून ती म्हणाली, "आणखी एक दाखवायचं आहे. दाखवलं नाही तर दुसरं कोणीतरी उलटंसुलटं सांगेल."

पांढऱ्या तसराळ्यात ती गाठ कापून ठेवली होती. आत पिवळी चरबी, लांब काळ्या केसांचा पुंजका आणि त्यात दोन-तीन दात.

यमुनाबाई मागे सरली. "दात... केस... बाई, मग वाडी खरीच बोलत होती?"

"नाही. नीट बघा. हात आहेत? पाय? काळीज? नाळ आहे? हे मूल नव्हे. बीजकोशातलं बीज कधीकधी पुरुषाच्या संबंधावाचून आपलं आपणच भलतं वाढतं आणि केस, दात, चरबी तयार करून बसतं. मुंबईला शिकत असताना सहा वर्षांच्या मुलीच्या पोटातून अशी गाठ काढलेली मी पाहिली आहे. सहा वर्षांच्या मुलीला तुमची वाडी काय विचारील? कोण तो?"

यमुनाबाई पुढे आली आणि तसराळ्यावर वाकून नीट बघू लागली.

"वाडीत, गाठीतून नुसतं पाणी निघालं म्हणून सांगितलंत तरी चालेल," डॉक्टरीणबाई म्हणाली. "मी कोणाला काही सांगायला जाणार नाही. ठरवा तुम्ही."

टाके सुटून मायलेकी परतल्या तेव्हा अमावास्या उलटून गेली होती. मुसाच्या होडीतून त्या उतरत असताना वाडी बघत होती. महिपतने निरोप धाडला: देवळाशी ये, काय निघालं ते सांग.

वाटेत यमुनाबाईच्या मनात तेच घोळत होतं. पाणी निघालं म्हणावं, सुटावं. अंगात वाद घालायची ताकद नव्हती. पाणी म्हटलं की सगळे माना डोलावतील आणि विस्तव सुरू होईल. पण उद्या दुसऱ्या घरच्या पोरीचं पोट वाढलं आणि तिच्या गाठीत दात निघाले, तर?

देवळापुढे पुरुष बसले होते, बायका मागे उभ्या होत्या. दमयंती आईच्या खांद्याला धरून उभी होती.

"गाठ निघाली," यमुनाबाई म्हणाली. "आत केस होते. दात होते."

गर्दीत कुजबूज उठली. महिपत उठू लागला.

"बसा दादा, माझा झाला नाय अजून. तो रोग हाय. सहा वर्साच्या पोरीलाबी होतो. डॉक्टरीण खोटी वाटत असेल तर तिला सोडा. माझी पोर दर महिन्याला पडवीत बाजूला बसत होती. त्या चार दिवसांत ती पाणवठ्यावर येत नव्हती, ता तुमच्या सगळ्या बायांना ठाऊक होता. तिला शिवायचा नाय म्हणून लांबून जात होत्या. मग पोट वाढला तेव्हा ता कोणालाच कसा आठवला नाय? मलाबी नाय आठवला. मी आई. मी तिला माझ्या हातानं काढा पाजला."

मग मागून सोनूबाई सुईण म्हणाली, "पोर दर महिन्याला बसते, ता मला ठाऊक होता. मी बोलले नाय. कौल झाल्यावर बोलायचा कसा, म्हणून."

केरू गुरव पाषाणाकडे बघत राहिला. महिपत काठी घेऊन घरी गेला. वाळीत टाकणं मागे घेतल्याचं त्याने कधीच तोंडाने सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याची बायको शेणी घेऊन यमुनाबाईच्या दारात आली आणि म्हणाली, "जरासा विस्तव दे गो चुलीला." आणि पुढच्या उन्हाळ्यात केरू गुरवाची भाची पोट धरून बसली, तेव्हा केरूने कळ्या भिजवल्या नाहीत. तो सरळ मुसाकडे गेला.

म्हणजे सगळं गोड झालं असं समजू नका. देवळातून घरी आल्यावर यमुनाबाईने पोरीला भात वाढला आणि म्हणाली, "दमे, बघ, पटला सगळ्यांना."

दमयंती ताटाकडे बघत राहिली.

"दात निघाले, केस निघाले, पोट फाडला, तेव्हा पटला. मी नाय म्हटला तेव्हा का नाय पटला गो आये?"

यमुनाबाईने भाताचं भांडं खाली ठेवलं. तुमच्या-आमच्या घरांतही मुली आहेत, आणि त्यांनाही पोटं आहेत. ती दुखतील, फुगतील. त्या वेळी कळ्या, काढे आणि शेजारणी यांच्या आधी डॉक्टर गाठा. आणि डॉक्टरच्याही आधी, मुलगी काय म्हणते ते ऐका, आणि ते खरं आहे असं धरून चाला. दमयंतीने भात खाल्ला, ताट घासलं आणि कुशीला हात लावून निजली. त्या दिवसानंतर यमुनाबाईने तिला पुन्हा काही विचारलं नाही. ती नुसती ऐकायला शिकली, फार उशिरा.