एका रविवारची माणसं

टेकडीवालीला राग पटकन येत नसे, पण आला की तिचा नवराही घरात चपला हातात घेऊन चालायचा. सोमवारी ती आमदारांच्या ऑफिसातून परतली ती अशीच.

सहा दिवस ती पडदे शिवायची आणि रविवारी टेकडीवर जायची. तीस वर्षं. आठ-दहा मैत्रिणींनी मिळून तिथली पायवाट राखली होती. काटेरी फांद्या छाटायच्या, पाण्याने खचलं तिथे दगड बसवायचे. आणि नियम एकच, अगदी कडक: आपल्यामागे इथे कोणी आलं होतं असं वाटता कामा नये. बाटल्या, वेष्टनं, चुलीची राख, दगडावर कोळशाने लिहिलेली नावं, सगळं साफ.

हाच नियम मुळावर आला. डोंगर आणि पायवाटा सगळ्यांसाठी कायम खुल्या ठेवणाऱ्या कायद्यावर गुरुवारी विधानसभेत मतदान होतं आणि त्याच्या यादीतून नेमकी त्यांची टेकडी गळली होती. यादीत नाव नाही म्हणजे दोन महिन्यांत हॉटेलवाल्यांचं कुंपण.

"ताई, आमची माणसं पाहणी करून आली," आमदार म्हणाले होते. "वापराची एक खूण नाही. कागदाचा कपटाही सापडला नाही. कोणी जातच नाही, तर वाट राखायची कुणासाठी?"

"अहो, सापडेल कसा? आम्ही उचलतो ना!"

"त्याला पुरावा?"

हे सगळं ऐकून नवरा शेंगा सोलता सोलता म्हणाला, "मग उद्या चार पोती कचरा वर नेऊन पसरू. हवा ना पुरावा त्यांना?"

तो थट्टेनेच म्हणाला, पण क्षणभर तिला ते पटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

"त्या माणसाच्या समाधानासाठी माझ्या वाटेचा उकिरडा करू? मेले तरी नाही!" ती गरजली. मग एकदम थांबली. "अहो, कालची पोती कुठायत?"

"पायथ्याच्या शेडमध्ये. उद्या नगरपालिकेची गाडी येईल न्यायला."

"गाडीच्या आधी आपण जाऊ."

मंगळवारी दोघं तीन पोती घेऊन आमदारांच्या जिन्यात हजर. नवऱ्याच्या खांद्यावर दोन. "लग्नात हे ठरलं नव्हतं हं," तो धापा टाकत म्हणाला.

सेक्रेटरी आडवा आला. "अहो, अपॉइंटमेंट?"

"कचऱ्याला कसली अपॉइंटमेंट? सरका."

काचेच्या मोठ्या टेबलावर तिने पोती पालथी केली. बाटल्या, बिस्किटांचे कागद, बसची तिकिटं, मोडकी छत्री. खोलीत आंबट वास भरला.

"हे काय आहे?" आमदार ताडकन उठले.

"एका रविवारची माणसं," ती म्हणाली. "बघा ना नीट. हा पायमोजा दोन वर्षांच्या लेकराचा. ही रबरी टोपी कुणा आजोबांच्या काठीची. कोणी जात नाही म्हणालात ना?"

आमदारांनी नाकाला रुमाल लावला. "बरं, बरं. यादीत दुरुस्ती सुचवतो. माझा शब्द आहे. आधी हे उचला."

तिने खुर्ची ओढली आणि ठाण मांडून बसली.

"आधी लिहा. तीस वर्षांत त्या वाटेवर मला कुणाचा शब्द सापडला नाही, साहेब. कागदच सापडले."

झक मारत त्यांनी लिहिलं. तिने दोनदा वाचलं, 'पायथ्यापासून माथ्यापर्यंत' एवढं घालून घेतलं, सही-शिक्का घेतला आणि कागद पिशवीत ठेवला. नवरा सवयीने खाली वाकून बाटल्या गोळा करायला लागला. तिने त्याचा हात धरला.

"राहू द्या."

"अहो बाई, आणि हे?" आमदार ओरडले.

"गुरुवारी टेकडीच्या बाजूने मत द्या, लगेच येते उचलायला," ती म्हणाली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच कचरा तसाच टाकून निघाली.